जीसॉकचा अर्ज: प्रपोजलच्या आधीचे दोन महिने

गूगल समर ऑफ कोड, म्हणजे सगळे ज्याला जीसॉक म्हणतात, हा गूगलचा कार्यक्रम आहे: ओपन सोर्स संस्थेसाठी, म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा संस्थेसाठी, तिथल्या मार्गदर्शकाच्या (मेंटॉरच्या) हाताखाली मानधनावर कोड लिहायचा. २०२५ मध्ये त्याला १५ हजारांहून जास्त जणांनी मिळून २३ हजारांच्या वर प्रपोजलं, म्हणजे काय काम करणार याचे आराखडे, पाठवली. संस्था होत्या १८५, आणि निवड झाली साधारण तेराशे जणांची. हे आकडे बघून बरीच मुलं तिथेच हाय खातात. त्यांनी घाबरू नये म्हणून आधीच सांगते: या ढिगातली कितीतरी प्रपोजलं पाठवणाऱ्यांनी त्या प्रोजेक्टचा कोड स्वतःच्या लॅपटॉपवर एकदाही बिल्ड केलेला, म्हणजे चालण्याजोगा करून घेतलेला, नसतो. मेंटॉरला हे पहिल्या पानावरच कळतं. खरी स्पर्धा त्यानंतर उरलेल्यांत असते, आणि त्या उरलेल्यांत जाऊन बसणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की निवड प्रपोजल वाचून होत नाही. ती त्याआधीच्या आठ-दहा आठवड्यांत, तुमच्या पॅचेसवर, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलांवर, आणि रिव्ह्यूला, म्हणजे त्यांच्या तपासणीला, दिलेल्या उत्तरांवर होते. प्रपोजल उघडताना मेंटॉरला तुमचं नाव आधीच ठाऊक असायला हवं.

नियम थोडक्यात. कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची सक्ती राहिलेली नाही. वय १८ पूर्ण हवं, आणि तुम्ही विद्यार्थी तरी असायला हवं किंवा ओपन सोर्समध्ये नवे तरी. प्रोजेक्ट तीन आकारांचे असतात: साधारण ९०, १७५ किंवा ३५० तास. जास्तीत जास्त तीन प्रपोजलं पाठवता येतात, निवड झाली तर एकाच ठिकाणी होते. दोनदा भाग घेतलेल्याला तिसऱ्यांदा येता येत नाही. आणि ही गूगलची इंटर्नशिप नव्हे. कोड तुम्ही त्या संस्थेसाठी लिहिता, मेंटॉर त्या संस्थेचे असतात, आणि त्यातले बरेच जण नोकरी सांभाळून फावल्या वेळात हे काम करतात. रेझ्युमेवर ‘गूगलमध्ये इंटर्न’ असं लिहिणारे दिसतात. तसं लिहू नका, ते खोटं आहे.

संस्था कशी निवडायची

२०२५ चं वेळापत्रक नमुन्यादाखल बघा. निवडलेल्या संस्थांची यादी २७ फेब्रुवारीला आली, अर्ज २४ मार्च ते ८ एप्रिल, निकाल ८ मे, कोडिंगची सुरुवात २ जून. यादी आल्यापासून अर्जाची मुदत संपेपर्यंत जेमतेम चाळीस दिवस. यादी आल्या दिवशी प्रत्येक संस्थेच्या चॅटवर शेकडो नवी मुलं एकदम येऊन धडकतात, आणि सोपे इश्यू, म्हणजे सोडवायला नोंदवून ठेवलेल्या अडचणी, दोन दिवसांत संपतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच सुरुवात करायची. मागच्या वर्षांच्या याद्या जीसॉकच्या साइटवर असतात. ज्या संस्था तीन-चार वर्षं सलग दिसतात त्या पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, खात्री मात्र कुणाचीच नसते. तेव्हा जी संस्था जीसॉकमध्ये आली नाही तरी तिथलं काम तुम्हाला करावंसं वाटेल, तीच धरा.

संस्थेचं नाव किती मोठं आहे याला मी फारसं महत्त्व देत नाही. मी तीन गोष्टी बघायला सांगेन. गेल्या महिन्याभरात बाहेरच्या माणसांचे किती पॅच मर्ज झाले, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतले गेले? नव्या माणसाच्या पहिल्या पॅचला उत्तर यायला किती दिवस लागले? आणि मागच्या वर्षीच्या जीसॉकचा कोड आज मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) आहे, की एखाद्या फोर्कमध्ये (वेगळ्या प्रतीत) पडून आहे? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोड फोर्कमध्येच राहिला असेल तर मेंटॉरना वेळ नव्हता किंवा प्रोजेक्ट कुणाच्या गरजेचा नव्हता, यातलं एक नक्की.

जागांचं गणितही समजून घ्या. संस्थेला किती जागा हव्यात हे संस्था सांगते, किती द्यायच्या हे गूगल ठरवतं. एका आयडियावर, म्हणजे संस्थेने सुचवलेल्या एका प्रोजेक्टवर, सहसा एकच जण घेतात. म्हणजे एकाच आयडियावर पाच उत्तम प्रपोजलं आली तर चार उत्तम प्रपोजलं परत जातात, त्यात कुणाची चूक नसते. एखाद्या आयडियावर सगळे तुटून पडलेत असं चॅटवर दिसलं, तर त्याच संस्थेतल्या कमी चकाकणाऱ्या आयडियाकडे वळणं शहाणपणाचं. बिल्ड सिस्टीम, टेस्ट, जुन्या मॉड्यूलची साफसफाई असल्या आयडियांना अर्ज कमी येतात आणि मेंटॉरना त्यांची गरज जास्त असते. तीन प्रपोजलांची मुभा आहे म्हणून तीन पाठवायची नाहीत. एक नीट लिहायलाच महिना जातो. दोन झाली तर फार झालं.

निवडताना आपला लॅपटॉपही विचारात घ्या. एलएलव्हीएमसारखा (कंपायलर बांधायच्या साधनांचा) मोठा प्रोजेक्ट ८ जीबी रॅमवर डीबग मोडमध्ये बिल्ड करायला घेतला की लिंकिंगच्या, म्हणजे कोडचे तुकडे एकत्र जोडण्याच्या, वेळी मेमरी संपते, आणि अर्ध्या तासाचं काम ‘किल्ड’ एवढाच शब्द दाखवून थांबतं. कारण डीबग माहितीमुळे प्रत्येक लिंकरला काही जीबी लागतात आणि असे चार-पाच लिंकर एकदम चालतात. उपाय म्हणजे रिलीज मोड, एलएलडी लिंकर, आणि लिंकिंगची कामं एका वेळी एकच चालतील असं सेटिंग. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, वापरा, पण कोड सी ड्राइव्हवर ठेवू नका. लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करा, नाहीतर दोन फाइल सिस्टीमच्या मधल्या देवाणघेवाणीत बिल्ड कित्येक पटींनी रेंगाळतं.

एक पॅच, जवळून

आता एक उदाहरण पूर्ण बघू. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला आपण रोज वापरतो तेच, जीसॉकमध्ये बरीच वर्षं येतंय. जागा गेल्या काही वर्षांत दोन-तीनच असतात. अर्जदाराने आधी एक मायक्रोप्रोजेक्ट, म्हणजे एखादा छोटासा बदल, करावा अशी गिटची अट आहे. एकच, पण नीट. दहा फुटकळ पॅच टाकून ढीग लावलेला त्यांना आवडत नाही.

नेहमीचा मायक्रोप्रोजेक्ट असा: गिटच्या टेस्ट ‘टी’ नावाच्या फोल्डरमध्ये शेल स्क्रिप्टच्या रूपात असतात. जुन्या स्क्रिप्टमध्ये फाइल आहे का हे बघायला साधं ‘टेस्ट -एफ’ वापरलेलं असतं. ते फेल झालं तर तोंडातून शब्द काढत नाही. टेस्ट पडली एवढंच कळतं, कोणत्या ओळीवर ते शोधत बसावं लागतं. म्हणून गिटने ‘टेस्ट_पाथ_इज_फाइल’ असा मदतनीस फंक्शन केलाय. फाइल नसेल तर तो अमुक फाइल नाही असं स्पष्ट छापतो. काम एवढंच की जुनं काढून नवं घालायचं.

ऐकायला पाच मिनिटांचं वाटतं, आणि म्हणूनच बहुतेक जण इथे पडतात. ते एडिटरमध्ये सगळीकडे ‘फाइंड-रिप्लेस’ मारतात. पण प्रत्येक ‘टेस्ट -एफ’ ही तपासणी नसते. काही ठिकाणी ते ‘इफ’च्या आत असतं: फाइल असेल तर हे कर, नसेल तर ते. तिथे फाइल नसणं ही चूक नाहीच, त्यामुळे मदतनीस फंक्शन घातला की लॉगमध्ये उगाच फाइल नसल्याची तक्रार छापली जाते आणि पुढे डीबग करणारा फसतो. दुसरी जागा उद्गारचिन्हाची. ‘टेस्ट -एफ’च्या आधी नकार असेल, म्हणजे फाइल नसावी अशी अपेक्षा असेल, तर नुसता मदतनीस फंक्शन उलटा करून चालत नाही. सगळं बरोबर असतानाही तो तक्रार छापेल. तिथे ‘टेस्ट_पाथ_इज_मिसिंग’ लागतो. रिव्ह्यू करणारे नेमक्या याच दोन जागा बघतात, कारण माणसाने ओळी वाचून बदलल्यात की डोळे मिटून, हे त्यातून लगेच कळतं.

दुसरा नेहमीचा मायक्रोप्रोजेक्ट पाइपचा. टेस्टमध्ये गिटची कमांड पाइपच्या डाव्या बाजूला असेल आणि उजवीकडे ‘सॉर्ट’, तर शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरतं. गिट कोसळलं तरी ‘सॉर्ट’ व्यवस्थित संपतं आणि टेस्ट पास. उपाय म्हणजे आधी गिटचं आउटपुट एका फाइलमध्ये घ्यायचं, मग ती फाइल ‘सॉर्ट’ला द्यायची, आणि मध्ये दोन अँपरसँड.

गिटचं काम मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या मेलवर, चालतं. हात घालण्याआधी त्या लिस्टच्या संग्रहात त्या टेस्ट फाइलचं नाव शोधा. दुसऱ्या कुणी तीच फाइल घेतलेली असेल तर दुसरी निवडा. गिटमध्ये ‘मला हा इश्यू असाइन करा’ असा प्रकार नाही, आणि जिथे आहे तिथेही ते मागून जागा अडवून ठेवणं वाईट दिसतं. इश्यूवर लिहायचंच असेल तर काय शोधलं आणि काय करायचं ठरवलंय ते लिहा.

मग कोड ‘मास्टर’ या मुख्य ब्रँचवरून घ्या आणि ‘डेव्हलपर’ हा पर्याय १ करून ‘मेक’ ही बिल्डची कमांड चालवा, म्हणजे कंपायलरच्या कडक वॉर्निंग चालू होतात. तुमची टेस्ट फाइल ‘टी’ फोल्डरमधून एकटी चालवा. ‘-व्ही’ दिलं की तपशील दिसतो, ‘-आय’ दिलं की पहिल्या अपयशावर थांबते, ‘-एक्स’ दिलं की प्रत्येक कमांड दिसते. टेस्ट पास झाली म्हणून लगेच पुढे जाऊ नका. मुद्दाम फाइलचं नाव चुकवून टेस्ट पाडून बघा. नवा मेसेज खरंच छापला जातोय का? नसेल, तर तुमच्या बदलाचा उपयोगच झालेला नाही.

कमिट मेसेजवर, म्हणजे बदलाबरोबर लिहायच्या नोंदीवर, कोडपेक्षा जास्त वेळ द्या. पहिल्या ओळीत टेस्टचा क्रमांक, अपूर्णविराम (:), आणि पन्नासेक अक्षरांत काय केलं ते, शेवटी पूर्णविराम नाही. खाली आजची स्थिती वर्तमानकाळात, त्यात अडचण काय ते, आणि मग आज्ञार्थात बदल. ‘मी बदललं’ असं नाही, ‘बदल’ असं. ‘काय’ हे डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींत, दिसतंच. मेसेजमध्ये ‘का’ हवं. ओळी ७२ अक्षरांच्या आसपास मोडा. कमिट करताना ‘-एस’ द्या, त्याने खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ येते. तिचा अर्थ असा की हा कोड देण्याचा हक्क मला आहे असं तुम्ही स्वतःच्या नावाने लिहून देताय.

पाठवण्याचा भाग सगळ्यात चिडचिडीचा आहे. पॅच मेलने जातो: आधी ‘गिट फॉर्मॅट-पॅच’, मग ‘गिट सेंड-ईमेल’. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. सर्व्हर ‘smtp.gmail.com’, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. पहिला मेल स्वतःलाच पाठवा, तो एका रिकाम्या ब्रँचवर ‘गिट एएम’ने लावून बघा, मगच लिस्टवर. विषयात पॅच शब्दाबरोबर जीसॉकचा उल्लेख करायचा असतो. हे सगळं जमत नसेल तर गिटगिटगॅजेट आहे. गिटहबवर पुल रिक्वेस्ट करायची, तो ती मेल करून लिस्टवर टाकतो. पहिल्या वेळी, आधीच परवानगी मिळालेल्या कुणीतरी तुम्हाला परवानगी द्यावी लागते, तेव्हा शेवटच्या दिवशी याच्या भरवशावर राहू नका.

उत्तर देताना समोरच्याचं वाक्य ठेवून त्याच्या खाली लिहायचं, सगळ्यात वर लिहून खाली लांबलचक शेपूट सोडायचं नाही. मेल साध्या टेक्स्टमध्येच हवा. फोनवरच्या जीमेल ॲपमधून उत्तर दिलं की ते एचटीएमएलमध्ये जातं आणि लिस्टचा सर्व्हर ते परत पाठवतो. कित्येक मुलं ‘मी उत्तर दिलं होतं, कुणी बघितलंच नाही’ म्हणून हिरमुसतात. उत्तर पोचलेलंच नसतं.

रिव्ह्यू आला की त्याच तासाला दुसरी आवृत्ती पाठवायची नाही. एक-दोन दिवस थांबा, आणखी कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या. मग ‘-व्ही२’ देऊन, पहिल्या धाग्यालाच जोडून, तीन डॅशच्या खाली काय बदललं ते लिहा. ‘रेंज-डिफ’, म्हणजे दोन आवृत्त्यांमधला फरक, जोडला तर रिव्ह्यू करणाऱ्याचे कष्ट वाचतात. एखादी सूचना पटली नाही तर गप्प बसून तिला वगळू नका. का पटली नाही ते लिहा. मुद्दा बरोबर असेल तर तिथे मान्य होतो, आणि मेंटॉरच्या नजरेत तुमचं वजन वाढतं. पॅच स्वीकारला गेला की २००५ पासून गिट सांभाळणारे जुनिओ हमानो तो आधी ‘सीन’ नावाच्या ब्रँचमध्ये, मग ‘नेक्स्ट’मध्ये आणि शेवटी ‘मास्टर’मध्ये घेतात. यात काही आठवडे जातात. जानेवारीत सुरुवात करा म्हणते ती यासाठीच.

मायक्रोप्रोजेक्ट झाल्यावर आणखी तसलेच पॅच टाकण्यापेक्षा दुसऱ्यांचे पॅच लावून बघा, टेस्ट चालवा, काय सापडलं ते लिहा. नवख्याने रिव्ह्यू करू नये असा कुठेही नियम नाही. प्रपोजलमधल्या यादीत असे दोन रिव्ह्यू दिसले तर त्याचं मोल मोठं असतं.

विचारायचं कसं

आपल्याकडच्या मुलांच्या पहिल्या मेलचा साचा ठरलेला असतो: रिस्पेक्टेड सर, मी अमुक कॉलेजचा, मला फार रस आहे, कृपया मार्गदर्शन करा. यावर समोरचा काय उत्तर देणार? त्यात प्रश्नच नाही. तिथे सर-मॅडम कुणी म्हणत नाही, पहिल्या नावाने हाक मारतात आणि त्यात अनादर नसतो. मेंटॉरला खासगी मेसेज करू नका, सगळ्यांसमोरच्या चॅनेलवर विचारा, म्हणजे उत्तर दुसराही देऊ शकतो. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोणती आवृत्ती, कोणती कमांड, काय अपेक्षित होतं, काय झालं. एरर स्क्रीनशॉटमध्ये न देता मजकूर म्हणून द्या. मेंटॉर युरोप-अमेरिकेत असतील तर उत्तर आपल्या रात्री येतं. दोन-तीन दिवस थांबून मगच एकदा आठवण करा.

इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. छोटी, सरळ वाक्यं लिहा. रिव्ह्यू करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचीही ती मातृभाषा नसते.

प्रपोजल

पहिला मसुदा मुदतीच्या किमान दोन आठवडे आधी संस्थेला दाखवा. शेवटच्या तीन दिवसांत मेंटॉरकडे वीस मसुदे येऊन पडतात, तेव्हा तुमच्यावर सविस्तर काही लिहायला कुणालाच वेळ नसतो.

मेंटॉर सगळ्यात आधी ‘आज काय आहे’ हा भाग वाचतात, आणि बहुतेक प्रपोजलांत तोच नसतो. आयडिया पानावरचा परिच्छेद शब्द बदलून पुन्हा लिहिलेला असतो. समजा आयडिया जुन्या टेस्ट नव्या युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या टेस्ट) फ्रेमवर्कमध्ये हलवण्याची आहे. गिटने असा प्रोजेक्ट चालवलेला आहे. ‘मी सगळ्या टेस्ट हलवीन’ या वाक्यात काहीच नाही. ‘टी’मधल्या ‘हेल्पर’ फोल्डरमधल्या फाइल एकेक उघडायच्या. कोणती खरी युनिट टेस्ट आहे, आणि कोणती दुसऱ्या शेल टेस्ट वापरतात म्हणून हलवताच येणार नाही, याचा तक्ता करायचा. एखादी फाइल स्वतः हलवून बघायची आणि त्यात काय अडलं ते लिहायचं. असा तक्ता केलेल्याला पुढचं सगळं आपोआप सुचतं, कारण काम किती मोठं आहे हे त्याला आता ठाऊक असतं. त्याबरोबर ‘हे मी करणार नाही’ हेही लिहा. हद्द आखलेली दिसली की मेंटॉरचा विश्वास बसतो.

वेळापत्रकातली एक चूक जवळजवळ सगळीकडे असते: पहिले दहा आठवडे कोड, अकराव्यात टेस्टिंग, बाराव्यात डॉक्युमेंटेशन. ओपन सोर्समध्ये टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन त्याच पॅचबरोबर जातं, त्याशिवाय पॅच घेतच नाहीत. आणि रिव्ह्यूचा वेळ यात कुठेच धरलेला नसतो. त्याऐवजी असं लिहा: दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिली पॅच मालिका लिस्टवर, तिसऱ्यात तिचे रिव्ह्यू आणि दुसऱ्या मालिकेची सुरुवात, सहाव्या आठवड्यात मिडटर्म (मधलं मूल्यमापन) येईपर्यंत पहिली मालिका स्वीकारलेली, दुसरी रिव्ह्यूत. प्रत्येक टप्प्याला बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी हवं, कारण मिडटर्मला पास की नापास हे मेंटॉर त्यावरच ठरवतात. काम उरकलं नाही तर आधी काय वगळणार, हेही एका ओळीत सांगा.

तासांचा हिशेब प्रामाणिक ठेवा. १७५ तास बारा आठवड्यांत म्हणजे आठवड्याला साधारण पंधरा, ३५० म्हणजे एकोणतीस. आपल्याकडे बऱ्याच विद्यापीठांच्या सत्र परीक्षा मे-जूनमध्ये येतात आणि तारखा सरकतात. जूनचे तीन आठवडे परीक्षेत गेले तर ३५० तास नऊ आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला एकोणचाळीस. कॉलेज सुरू झाल्यावर हे निभत नाही. परीक्षा लपवून ठेवण्यापेक्षा तारखा लिहा. १७५ तासांचा प्रोजेक्ट घ्या, किंवा मेंटॉरशी बोलून मुदत लांबवा. एकूण २२ आठवड्यांपर्यंत ती वाढवता येते. परीक्षा आहे म्हणून कुणी नाकारत नाही. जूनमध्ये न सांगता गायब झालेला माणूस मात्र मिडटर्मला नापास होतो.

स्वतःची ओळख अर्ध्या पानात उरका. दहावीचे टक्के, हॅकेथॉनची प्रमाणपत्रं, येणाऱ्या वीस भाषांची यादी यातलं काही नको. त्या प्रोजेक्टमधल्या तुमच्या प्रत्येक पॅचची लिंक आणि स्थिती द्या: मर्ज, ‘नेक्स्ट’मध्ये, रिव्ह्यूत, नाकारलेला. नाकारलेलाही द्या.

एआयने लिहिलेल्या प्रपोजलांबद्दल स्पष्ट बोलते, कारण मेंटॉर आता याला विटलेत. अस्तित्वात नसलेली फंक्शनं, सगळीकडे सारखीच गुळगुळीत वाक्यं, आणि खोलात प्रश्न विचारला की शांतता. हे दोन मिनिटांत ओळखू येतं. व्याकरण तपासायला वापरा, पण संस्थेचं याबाबत काय धोरण आहे ते आधी वाचा. कोडच्या बाबतीत वरची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ आठवा. कुठून आला हे माहीत नसलेल्या कोडवर ती लिहिता येत नाही.

शेवटची मुदत १८:०० यूटीसीची असते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. एक मिनिट उशीर झाला तरी अर्ज घेत नाहीत, मेंटॉरनी गळ घातली तरी नाही. प्रपोजल पीडीएफमध्ये चढवायचं असतं आणि मुदतीपर्यंत बदलता येतं. म्हणून आठवडाभर आधी एक बरी प्रत चढवून ठेवा, मग सुधारत राहा. चढवलेली फाइल पुन्हा उतरवून तिच्यातल्या लिंक उघडून बघा. एडिटरमधून पीडीएफ करताना लिंक मरतात, हे फार वेळा होतं.

पैसे आणि नंतरचं

मानधन देशाच्या क्रयशक्तीनुसार ठरतं. भारतात राहणाऱ्याला ९० तासांना ७५०, १७५ तासांना १५०० आणि ३५० तासांना ३००० डॉलर. मिडटर्म पास झाल्यावर ४५ टक्के, शेवटी ५५ टक्के, पेओनिअर या पेमेंट सेवेमार्फत. इथे मराठी मुलांची एक खास अडचण होते. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. पॅन आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नसेल तर एप्रिलमध्येच दुरुस्त करून घ्या, जुलैमध्ये त्यासाठी धावपळ नको. हे करपात्र उत्पन्न आहे, रिटर्नमध्ये दाखवायचं.

अर्ज आणि निकाल यांच्यामधला महिना मेंटॉरही बघत असतात. अर्ज टाकल्या दिवसापासून बहुतेक जण चॅनेलवरून नाहीसे होतात. तुमचा पॅच रिव्ह्यूत असेल तर तो पुढे न्या, कारण क्रम ठरत असतो तो याच दिवसांत.

निवड झाली नाही तर मेंटॉरना एकदाच, सभ्यपणे, काय कमी पडलं ते विचारा. बरेच जण सांगतात. बाकीचे रस्तेही आहेत. लिनक्स फाउंडेशनचा एलएफएक्स मेंटॉरशिप वर्षातून तीनदा असतो, लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईचा स्वतःचा सीझन ऑफ केडीई असतो. पवईला आयआयटी मुंबईत शिक्षणात ओपन सोर्स आणणारा फॉसी प्रकल्प आहे. ईसिम (इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी), ऑसडॅग (स्टीलच्या बांधकामासाठी) अशा सॉफ्टवेअरवर तिथे समर फेलोशिप मिळते आणि निवड स्क्रीनिंग टास्कवर होते. इलेक्ट्रॉनिक्स किंवा सिव्हिलच्या मुलांना तर मी आधी तिकडेच बघायला सांगेन. आउटरीची, म्हणजे तंत्रज्ञानात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशांसाठीची ओपन सोर्स इंटर्नशिप, वर्षातून दोनदा असते, मानधन ७००० डॉलर, आणि तिथेही आधी पॅच, मग अंतिम अर्ज. तिचा एक नियम मात्र जीसॉकचा अर्ज भरायच्या आधीच माहीत हवा: जीसॉकमध्ये एकदा निवड होऊन भाग घेतला की आउटरीचीला अर्ज करता येत नाही. दोन्हीसाठी पात्र असाल तर कोणतं आधी, हे जानेवारीतच ठरवा.